मनालीस ‘नको’ म्हणण्याविषयी

दांडिया बाजार, बडोदे
२३ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप जयवंतराव दादासाहेब यांस हिंमतरावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहितो आहे ते थंडीच्या धास्तीने. इथल्या नव्हे, इथे दुपारी अजून पंखा चालू असतो. वहिनींचा दमा कसा आहे? आणि तुमचा गुडघा? (त्याला जपा. हल्ली मला गुडघा या अवयवाबद्दल फार आदर वाटू लागला आहे.)

तर हकीकत अशी. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची मंदाकिनी, जानेवारीत मला घेऊन मनालीला चालली आहे. तिथे आम्ही दोघांनी पायांना फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचं आहे. याला स्कीइंग म्हणतात. घरात केबल घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पूर्वी एक दूरदर्शन होतं, त्यावर शेतकऱ्यांना सल्ला देत (तो आपण पाळायचा नसे). आता परदेशी चॅनेलवर गोरी माणसं दिवसभर डोंगरावरून घसरतात आणि मंदा फोडणी जळेपर्यंत बघत बसते. हे तिने फोनवर मालविकाला सांगितलं. लेक दिल्लीत विदेशी कंपनीत लागल्यापासून तिला अशक्य असं काही दिसतच नाही. तिने हॉटेल ठरवलं, शिकवणारा ठरवला आणि रंगीत माहितीपत्रक धाडलं. गाव म्हणे फार गजबजलेलं आहे, मोठा बाजार आहे, संध्याकाळी नाचगाणी असतात. मी ते पुनःपुन्हा वाचलं. हाडांच्या डॉक्टरचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

दादासाहेब, आम्ही बडोद्याची सपाटीवरची माणसं. उंच म्हणजे पावागड, आणि तोही लांबून बरा. रोपवेने वर गेलो तेव्हा मी डोळे मिटून देवीचं नाव घेत होतो, आणि मंदा खाली वाकून मला दरी दाखवत होती. स्कूटर मी तीसच्या वर नेत नाही, आणि तिला निदान ब्रेक तरी आहे. मी म्हटलं, पौष आहे, पौषात नवं काही आरंभू नये. ती म्हणाली, आपल्याला कुठे लग्न करायचंय. मी म्हटलं, संक्रांतीचं उत्तरायण बुडेल. (तुम्ही एकदा पाहिलंच आहे. अगाशीवर मंदा पतंग उडवते आणि मी मागे मांज्याची फिरकी धरून उभा असतो. लग्न झाल्यापासून हीच रीत. पार वाडी मोहल्ल्यापर्यंतचे लोक तिच्या पेचांना टरकून असतात. मला कोणी ओळखत नाही.) तर म्हणाली, फिरकी बरोबर घेऊ. झालं, विषय संपला.

मग तयारी सुरू झाली. मला रोज पहाटे उठून उठाबशा काढाव्या लागतात. स्वेटर घ्यायला गेलो तर तिबेटी बाई दुकान मांडून बसलेली. मी आशेने विचारलं, बर्फ कसा असतो? ती म्हणाली, त्या थंडीला कंटाळूनच तर दर हिवाळ्यात इकडे येते. मी मंदाकडे पाहिलं. मंदा कानटोपीचा रंग पाहत होती.

परवा तर कहर झाला. अगाशीवर कॅरमची पावडर पसरून, जेवायचे पाट पायांना बांधून सराव करायचं ठरलं. पहिला नंबर माझा. मी निघालो ते थेट शेजारच्या चारुलताबेनच्या वाळत घातलेल्या खिचिया पापडांवर जाऊन बसलो. त्या धावत आल्या आणि “वाग्युं तो नथी ने, हिंमतभाई?” असं विचारू लागल्या, पण नजर त्यांची पापडांवर होती. (लागलं होतं. कुठे, ते पत्रात लिहीत नाही.) मंदा मात्र सरसरत कठड्यापर्यंत गेली आणि हसत उभी राहिली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
हिंमतराव

ता. क. तुमचा शब्द मंदाने आजवर कधी मोडलेला नाही. तेव्हा उलटटपाली तिला एवढंच लिहा की मनालीला जायचं नाही. कारण कोणतंही चालेल. ग्रह, गुडघा, काहीही. फक्त माझं नाव नको.

ता. क. दुसरा. हाडांचं मी वर उगाच लांबण लावलं. माझी मोडली तर जोडतील. पण ही त्या उतारावरून अशीच न वळता निघून गेली, आणि तिला काही झालं, तर मी बडोद्याला परत येऊन काय करू?

ता. क. तिसरा. वाचून पत्र फाडून टाका. मंदाला कळता कामा नये.

*

ती. दादांना मंदाचा नमस्कार. यांनी नेहमीच्या सवयीने खाली माझ्या चार ओळींना जागा सोडली आणि पत्र माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवून ऑफिसला गेले. त्यामुळे सगळं वाचलं. ‘नको’ मुळीच लिहू नका. भीती मलाही वाटते. पण पतंग उडवताना मी मागे वळून पाहत नाही ते का? फिरकी धरून हे उभे आहेत हे मला ठाऊक असतं म्हणून. यांना मी उतारावर नेणारच नव्हते. खाली उभं करणार होते, मी येईपर्यंत. हे त्यांना गाडी सुटल्यावर सांगेन. तोवर उठाबशा चालू देत, यांचं पोट बरंच उतरलंय.