कोरं मडकं

अमरावती, मार्गशीर्ष, सन १८६४

माय, तुह्या देवीदासानं दुरूनच तुह्या पायावर डोकं ठेवलं आहे. भगवंतदादा, हे तिले सावकाश वाचून दाखव.

मी बरा आहो. कापसाच्या गाड्यांची रांग संपत नाही, म्हणून कामाची चिंता नाही. तुह्या सुनेले, सुभद्रेले, आठवा महिना लागला. विहिरीवर आमाले पाणी भरू देत नाहीत, पण नाला फार दूर नाही. मीच आणतो.

माह्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तू म्हणाली होती, "तुह्या घरचं पाणी मले चालणार नाही." मले लय राग आला होता. आता नाताळाआधीचे चार रविवार चालू आहेत. पाद्रीसाहेब म्हणतात, प्रभू येणार आहे, घर आणि मन दोन्ही सारवून ठेवा. घर सुभद्रेनं सारवलं. मी मन सारवाले बसलो, तर तोच राग हाती लागला.

म्हणून अंगणात तुह्यासाठी वेगळी चूल मांडून घेतली, कोरं मडकं आणवलं. शेजारच्या दुर्गाबाई आपल्याच माळ्यांच्या. मडकं त्यांनीच आणून ठेवलं, पाणीही त्याच भरतील. आमी त्याले शिवलो नाही. पाद्रीसाहेबांले हे सांगितलं नाही.

तुहे गुडघे अजून दुखतात काय? दादाच्या गाडीत कापसावर बसून ये, धक्के लागणार नाहीत.

मडक्यावर आता धूळ बसली आहे. सुभद्रा पुसाले जाते अन् हात मागं घेते. तू येऊन पूस, माय.

तुही वाट पाहून राहिलेला,
देवीदास