ताठ धागा

५ ऑगस्ट, मंगळवार
शालनताईंचा पाय मोडला. म्हणजे मी करून दिलेला कृत्रिम पाय. बिद्रीजवळून त्यांचा दीर त्यांना जीपनं घेऊन आला. पावलाची कार्बनची पट्टी टाचेच्या वर आडवी तडकलीय. देऊन चारच महिने झाले. गोठ्यात पडल्या, हात टेकला, मनगट प्लास्टरमध्ये.
"ताई, माझंच चुकलं. वैरणीचा भारा डोक्यावर घेतलता."
मी तुटकी पट्टी उलटसुलट करून बघत राहिले. तुमचं नाही चुकलं, असं म्हणायला हवं होतं.
पाठ दुखतेय.

७ ऑगस्ट, गुरुवार
शा.ताईंना जुना पाय तात्पुरता बसवून दिला. त्या रबरी पावलाकडे बघून म्हणाल्या, "ह्यो दगूड परत?"
तुटका तुकडा नीताकडे दिला. ती विद्यापीठात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. आमची कॉलेजपासूनची ओळख. मशीन सोमवारी मोकळं.
कार्बनच्या धाग्याचा हा रोल मीच निवडला होता. नेहमीच्या धाग्यापेक्षा कितीतरी ताठ. ताठ म्हणजे मजबूत, असं धरून चालले. वीस वर्षं पाय करतेय आणि...

११ ऑगस्ट, सोमवार
नी.च्या पडद्यावर बघितलं. धागा केसाहून बारीक, पण तुटलेलं टोक मिटलेल्या वहीच्या कडेसारखं. पानावर पान.
नी. म्हणाली, "तुझा नेहमीचा धागा काय आणि हा काय, दोन्ही कार्बनच. फरक ह्या पानांच्या, म्हणजे कार्बनच्या थरांच्या, मांडणीत. बनवताना जास्त तापवला की पानं मोठी होतात, सरळ होतात, धाग्याच्या लांबीला धरून बसतात. ओढून बघ, दाद देणार नाही. पण दाबलास की एकमेकांवरून घसरतात, दुमडतात. साध्या धाग्यात पानं बारकी, चुरगळलेली, एकमेकांत अडकलेली. म्हणून दाब सोसतात."
पाऊल वाकलं की एका अंगाला ताण, दुसऱ्या अंगाला दाब. तडा दाबाच्या अंगानंच सुरू झालाय. भाऱ्याचं निमित्त.
"हे तुला माहीत नव्हतं?" तिनं सहजच विचारलं. चहा न घेता निघाले.

१३ ऑगस्ट, बुधवार
शा.ताईंना सांगून टाकलं. "भाऱ्यानं नाही मोडलं. धागा मी चुकीचा घेतला."
त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "मग आठ दिस मी सासूची बोलणी कशापायी खाल्ली? तवाच सांगायचं की!"
तेव्हा कुठं नक्की माहीत होतं, असं म्हणणार होते. पण संशय होता.
नवा करून देते म्हटलं, साध्या धाग्याचा. "बघू" एवढंच म्हणाल्या.
त्याच रोलचा अजून एक पाय बाहेर आहे. तुकारामदादा, गगनबावडा. फोन लागत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
फोन नाहीच. रोल गुंडाळून माळ्यावर टाकला. जेवण गेलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
एस.टी.नं गगनबावड्याला. धुकं आणि पाऊस, चार हातांवरचं दिसेना. तुकारामदादा स्टँडसमोर त्यांच्या चहाच्या गाड्यावर. ओळखलं लगेच. "या की मॅडम!"
सगळं सांगितलं. काढून द्या म्हटलं, तीन आठवड्यांत दुसरा देते, तोवर जुना वापरा.
"जुना? त्यो चिकलात रुतला की निगत न्हाय. ह्या पायानं मी दिसभर हुबा ऱ्हातो. ह्योच न्हेणार तुमी?"
"मोडेल तो, दादा."
"कवा?"
वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. तडा नाही, किंवा असला तरी बोटाला कळत नाही.
"नवा घेऊन या, मग ह्यो देतो. तवर न्हाय."
ओढून तर घेता येत नाही. माप घेतलं. काठी वापरा म्हटलं. "व्हय व्हय," म्हणाले, जसं सगळे म्हणतात.
गाडी सुटताना काचेतून बघितलं. दोन्ही हातांत चहाचे ग्लास धरून ओला रस्ता ओलांडत होते. भराभर.