ट्यूबवरचे तीन ठिपके

आबा, यंदाही मी जळती ट्यूब काढायला लावली. वायरमन म्हणाला, बाई, चांगली चालू आहे की, अजून दोन वर्षं काही होत नाही तिला. मी म्हटलं, जळते ते मलाही दिसतंय, काढा. साताऱ्याच्या या घरात फिशटँकवरची ट्यूब दर खंडेनवमीला उतरते, मग ती कितीही लख्ख दिसो. तुम्ही असतात तर तोंड फिरवून बसला असतात. बसा खुशाल. या एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही आणि आता या वयात ऐकणारही नाही.

सांगलीच्या कॉलेजात तुम्ही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई, आणि तुमची लेक मी त्याच प्रयोगशाळेत बी.एस्सी.ला. बहात्तरच्या दुष्काळाला दोनच वर्षं झाली होती, गावाकडे माणात अजून टँकरचं पाणी, आणि इथे तुम्ही माशांच्या पाण्याला जपत होतात. कोपऱ्यातला तो काचेचा टँक म्हणजे तुमचा जीव. कृष्णेतून स्वतः पाणगवत उपटून आणून लावलेलं, गप्पी माशांना चिमटीने खाणं घालायचात. खंडेनवमीला सूक्ष्मदर्शकांना, तराजूला हळदकुंकू वाहून झालं की टँकचं झाकण उचलून ट्यूबच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या टोपीवर कुंकवाचं एक बोट टेकवायचात. आधीचं बोट पुसायचं नाही, हा तुमचा नियम. दरवर्षी एक, शेजारी शेजारी.

मग ते गवत खंगायला लागलं. पानं पिवळी पडली, काचेवर तपकिरी शेवाळ धरलं. तुम्ही घासायचात, चार दिवसांनी पुन्हा तेच. पाण्यात हात घालून घालून तुमच्या बोटांची कातडी पांढरी झाली होती. उजेड मात्र आम्हा सगळ्यांना होता तसाच वाटत होता. ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मला सापडलं की ट्यूब विझायच्या कितीतरी आधी म्हातारी होते. आतली पावडर थकते, आणि उजेड इतका हळूहळू उतरतो की रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही. गवताला कळतं. वर्षाने बदलावी, फार तर दीड वर्षाने, असं लिहिलं होतं. मी जाऊन झाकण उचललं. टोपीवर तीन ठिपके होते आणि चौथा लागायला महिना उरला होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी विभागप्रमुखांनी तुम्हाला चाळीस पोरांसमोर उभं केलं. टँक गलिच्छ झालाय, कामात लक्ष नाही, आता लेखी समज देतो, म्हणाले. फौजेत वीस वर्षं काढून एकही शेरा न घेतलेला माणूस मान खाली घालून उभा होता. मी उठले.

"सर, आबा रोज काच घासतात. चूक त्यांच्या हाताची नाही. त्यांना ट्यूबमधलं काही कळत नाही."

सरांनी झाकण उचललं, एका ठिपक्याला एक वर्ष असं मी सांगितलं तसे ठिपके मोजले, आणि लेखी समज तिथेच राहिली. पोरं मात्र हसली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. नंतर व्हरांड्यात एवढंच बोललात.

"जळतीया तवर ती मेली न्हाई, पोरी. चालती वस्तू टाकायची नसती."

"पानं मेली त्याचं काय?" मी म्हटलं.

सरांनी भांडारातून नवी ट्यूब काढून दिली. तुम्ही तिला हात लावला नाहीत, मग मीच पदर खोचून स्टुलावर चढले. महिन्याभरात गवताला हिरवे कोंब आले. तुम्ही जुनी ट्यूब घरी आणून स्वयंपाकघरात बसवलीत, आणि आई तिच्याखाली भाकऱ्या थापायला बसली की मुद्दाम एकदा वर आणि एकदा माझ्याकडे बघायचात. बघितलं मी, आबा. भाकरीला पुरतो तो उजेड गवताला पुरत नाही. हे मी आजही तुमच्या तोंडावर म्हणेन.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी भांडायच्या तयारीनेच प्रयोगशाळेत आले, तर तुम्ही आधीच सगळं उरकलं होतं. कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ट्यूब, तिच्या टोपीवर एकच ठिपका. टँकवर नवी, ओल्या कुंकवाची. तुम्ही पाठमोरे तराजू पुसत होतात. काय बघतीस, म्हणालात. मी जिंकल्याच्या तोऱ्यात निघून गेले. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि मग तुम्ही गेलात त्यालाही किती वर्षं झाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ट्यूब बदलल्याची माफी मी मागणार नाही. पण ते पुस्तक मला त्या प्रात्यक्षिकाच्या आठ दिवस आधी मिळालं होतं. घरी सांगितलं असतं तर तुम्ही एका शब्दात गप्प केलं असतंत, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले. खरं म्हणजे मला ते चार माणसांत सांगायचं होतं. म्हणून मी आठ दिवस थांबले, आणि ते आठही दिवस तुम्ही काच घासत होतात.