यादीतली नववी ओळ

५ सप्टेंबर, शुक्रवार
संकल्प: डिसेंबरपर्यंत लशूटसीडचे नऊ शब्द. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सेलिश भाषांपैकी ही एक. सिअ‍ॅटलकडच्या भावोजींची, म्हणून माझ्या भाचीचीही. मृणाली सहा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. विशाखाताईचं म्हणणं, आधी तू तिची शिक, मग ती तुझी शिकेल. यादी ताईनेच पाठवली. एक्सेलमध्ये घातली. अवघड काही नाही.

७ सप्टेंबर
'हात्ल स्लाखील', म्हणजे शुभ दिवस. 'त्ल' म्हणताना जिभेच्या कडांनी हवा सोडायची. इथे आखातात, सखीरच्या लॅबकडे जाताना व्हॅनमध्ये सराव केला. ड्रायव्हर दत्तप्रसादने आरशात पाहिलं, एसी बंद केला आणि म्हणाला, "म्याडम, एवढी सर्दी झाली तर सुट्टी घेवक व्हयी."
सुट्टी डिसेंबरसाठी राखून ठेवली आहे.

१३ सप्टेंबर
'पूस' म्हणजे मावशी. पाठ. नववा शब्द 'येलब'. आई वारली की मूल त्याच मावशीला पूस म्हणत नाही, येलब म्हणतं. आपल्याकडे मावशी ती मावशीच राहते. ताईला यादी पूर्ण करायची खोडच आहे. हा शब्द लागणार नाही. ओळ हाइड केली. संकल्प आता आठ शब्दांचा.

२ ऑक्टोबर
ताईचं वजन ४४. ऑगस्टमध्ये चार किलो उतरलं, सप्टेंबरात दोनच. म्हणजे घसरण निम्म्यावर आली. मी कॅलिब्रेशन इंजिनिअर आहे, ट्रेंड वाचता येतो. भावोजी म्हणाले, केमो थांबवली. गरज संपली की औषध थांबवतातच.
ताईने विचारलं, आधी येता येईल का. व्हिसा आहे, पण नोव्हेंबरात लॅबचं ऑडिट. तिकीट अठरा डिसेंबरचं काढलंय, असं सांगितलं.
"डिसेंबर लांब आहे गं," ती म्हणाली.
सत्याहत्तर दिवस. फार नाहीत.

२४ ऑक्टोबर
मृणालीशी व्हिडिओ कॉल. माझं 'हात्ल स्लाखील' ऐकून ती सोफ्यावरून घसरेपर्यंत हसली. "अगेन, पूस!" पाच वेळा म्हणायला लावलं. ताई झोपली होती. आजारी माणसाने झोपावं.
झिंजच्या फ्लॅटमधली माझी रूममेट अकीला रत्नागिरीची, नर्स आहे. मागे उभी राहून ऐकत होती. रजा आत्ताच माग, म्हणाली. दोनदा म्हणाली. नर्सना वाईट केसेसच जास्त दिसतात. सॅम्पलच चुकीचं.

११ नोव्हेंबर
ऑडिट झालं. एकही त्रुटी नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
ऑडिटच्या नियमाप्रमाणे फोन काल लॉकरमध्ये होता. नंतर काढायचा राहिला. आत्ता अकीलाच्या फोनवर भावोजींचा कॉल आला. मला सात वेळा केला होता, म्हणाले. ताई काल गेली.

१३ नोव्हेंबर
तिकीट उद्याचं करून घेतलं. बदलायला चार मिनिटं लागली.

१४ नोव्हेंबर
निघण्याआधी कॉल. मृणाली तिच्या तिकडच्या आजीच्या, भावोजींच्या आईच्या मांडीवर बसली होती. हसली नाही. आजीने कानात काही सांगितलं. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाली, "येलब."
अकीलाने विचारलं, काय म्हणाली गं पोर. तिकडचा शब्द आहे, एवढंच सांगितलं.
नववी ओळ अनहाइड केली. 'पूस' आता लागणार नाही. ती ओळ हाइड करायला घेतली.
झाली नाही.