गव्हले वळणारी बोटं

तेतुआन, ५ ऑगस्ट १९९४

प्रिय शामास,
तामूचा सलाम वि. वि.

त्या सकाळी मी अंगण धुतलं, पुदिना निवडला, कणीक मळून झाकली आणि चहा घेऊन वर गेले, तर तुझे मेहुणे उठलेच नाहीत. तेव्हापासून मी या चार भिंतींत आहे. विधवेनं पांढरं घालून चार महिने दहा दिवस बसायचं, त्यातले दोनच महिने सरलेत. दीर सी अल्लाल दारात खुर्ची टाकून बसतात. परवा कचरा टाकायला दार उघडलं, तर म्हणाले, वहिनी, लोक बघताहेत.

काळजी नातीची आहे. घिता पाच वर्षांची झाली, पण पेन्सिल धरली की बोटं लुळी पडतात. सप्टेंबरात शाळेची चाचणी. तिची आई नझहा कळवते की यंदा शाळेनं घेतलं नाही, तर ती लेकीला कासाब्लांकाला नेणार. स्वतः कारखान्यात आणि पोर दिवसभर कुलपाआड. मी रोज शंभर रेघा काढून घेते. ती रडते, मग मीही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तामू

लाराश, १४ ऑगस्ट

ताई, लल्ला तामूस,
शामाचा सलाम, घिताला पापा.

शंभर रेघा? पोरीला पोलिसात भरती करायचंय का? आमच्या बालवाडीत आधी हात, मग पेन्सिल. तिला कणीक मळू दे, ओलं फडकं पिळू दे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू दे. आणि गव्हले वळायला बसव. अंगठ्याची आणि बोटाची पकड तीच. तू पिठाच्या गोण्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकलीस, तेव्हा तुला कुणी रेघा मारायला लावल्या होत्या?

सी अल्लालना सांग, इथले इमाम म्हणतात, गरजेला दिवसा बाहेर पडता येतं, रात्र घरी काढली म्हणजे झालं. नाही ऐकलं, तर त्यांनाही गव्हले वळायला बसव.

रागावलीस तरी लिही.
तुझी शामा

तेतुआन, १७ सप्टेंबर

प्रिय शामास,
सलाम वि. वि. तुझी माया अशीच लाभू दे.

महिनाभर आम्ही सुपं भरली. आधी तिचे गव्हले वाटाण्याएवढे व्हायचे. आजोबांना दिले असते तर दात पडले असते, असं मी म्हटलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. आता ती माझ्याहून बारीक वळते. पेन्सिलही नीट धरते.

बुधवारी चाचणी होती. दीर म्हणाले, मी नेतो, तुम्ही बसा. मी बसले. तासाभरात दोघं परत. घिताने दोन्ही मुठी पाठीमागे धरल्या, त्या उघडल्याच नाहीत. बाईंचा निरोप होता की उद्या शेवटचा दिवस, तिच्या सवयीचं माणूस पाठवा. दीर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, वहिनी, भावाला जाऊन साडेतीन महिनेही झाले नाहीत. मी म्हटलं, ते असते तर त्यांनीच नेली असती. त्यांनी दारातली खुर्ची काही हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीला वळसा घालून घिताला शाळेत नेलं आणि तिचं नाव लिहून होईपर्यंत बाकावर बसून राहिले.

तामू