बियाला ठेवलेला दुधी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबरेला पट्टा बांधलेला असल्यामुळे या खेपेस तो खुर्चीत बसूनच केला आहे. पट्टा का, ते पुढे येईल.) इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे माझ्याखेरीज सगळे. तुझा गुडघा कसा आहे? नवीन काठी घेतलीस असं कळलं, आणि ती चालण्यापेक्षा अंगणात लावलेल्या गाड्यांवर ठोकायला जास्त वापरतेस असंही कळलं. तुझ्या मुलाने अंगणात सिमेंट ओतून गाड्यांची सोय केली, तुझे वेल गेले, तेव्हा राग कुठेतरी निघणारच. फक्त त्यातली पांढरी गाडी शेजाऱ्यांची आहे, तेवढी सोड.

परवा फोनवर तू "बी कसं आहे?" असं विचारलंस आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. पण त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देण्याची माझी हिंमत नव्हती, म्हणून हे पत्र. शांतपणे वाच. शक्यतो जेवण झाल्यावर वाच, आणि वाचताना काठी दुसऱ्या खोलीत ठेव.

अंगण जायच्या आदल्या दिवशी तू माझ्या हातात कागदाची पुडी दिलीस. त्यात दुधीचं बी होतं. तुझ्या सासूबाईंच्या हातून तुझ्याकडे आलेलं, बाजारात न मिळणारं, आखूड मानेच्या दुधीचं. म्हणालीस, लाव, पोटभर खा, पण पहिला धड दुधी बियाला सोड आणि त्यातलं मूठभर बी मला परत आणून दे, म्हणजे माझ्यामागे ते संपलं असं व्हायला नको. मी म्हणालो, एवढंच ना? आत्या, मला लहानपणापासून ओळखतेस तू. मी "एवढंच ना" म्हणालो की पुडी परत काढून घ्यायची असते, हे तुला ठाऊक नव्हतं का?

आमची मागची बाल्कनी तू पाहिलेली नाहीस. (बोलावून बोलावून आम्ही थकलो. "माझ्या वेलांना पाणी कोण घालणार?" हे तुझं ठरलेलं उत्तर.) तिथे कपडे धुण्याचं मशीन, मोडकी शिडी आणि कोणी न चालवलेली सायकल यांच्यामधून जेवढी जागा उरते तेवढ्यात एक ड्रम ठेवायचं ठरलं. मातीची पोती तिसऱ्या मजल्यावर मी खांद्यावरून आणली, कारण लिफ्ट बंद होती. (मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे आणि माझ्याच इमारतीची लिफ्ट बंद होती. यावर करायचे ते सगळे विनोद जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांनी केले आहेत, तू नवीन करू नकोस.) शेवटचं पोतं उतरवताना कंबरेत जो आवाज आला तो तुझ्या भाचेसुनेने स्वयंपाकघरात ऐकला आणि "कुकर झाला का?" असं विचारलं. पट्टा तेव्हापासूनचा.

बी रुजलं. सगळं रुजलं. आणि मग सगळं कुजलं. त्याचं असं झालं, की कामावर जाताना मी पाणी घालायचो. मी विसरलो असेन असं धरून मी गेल्यावर तुझी भाचेसून घालायची. आम्ही दोघेही विसरभोळे आहोत हे जगजाहीर असल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई दुपारी वरून एक तांब्या सोडायच्या, शिवाय त्यांच्या ओल्या साड्या गळायच्या त्या वेगळ्याच. एका रोपाला इतकी माणसं जीव लावतात म्हटल्यावर ते जगणार कसं? ड्रमच्या कडेला, जिथे कोणाचाच नेम लागत नव्हता तिथे, एकच रोप वाचलं.

त्या एकट्या वेलाचा तोरा काय वर्णावा! मी त्याच्यासाठी ग्रीलला सुंदर दोऱ्या बांधल्या. त्याने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साड्यांच्या पाण्याची चटक लागली होती की काय कोण जाणे, तो सरळ वर गेला आणि गाण्याच्या बाईंच्या ग्रीलला मिठी मारून बसला. मुळं माझ्याकडे, पानं त्यांच्याकडे. खत मी घालायचं, हिरवळ त्यांनी बघायची. मग फुलं आली, तीसुद्धा त्यांच्याच खिडकीसमोर, आणि सगळी नुसती नर! लांब देठावर ताठ मानेने उभी राहायची, संध्याकाळी उमलायची, सकाळी माना टाकायची. काम शून्य. (आमच्या कार्यालयातले दोन साहेब मला रोज आठवायचे.) शेवटी एकदाची मादी फुलं आली, तर ती फळवायला एकही माशी फिरकेना. तेव्हा तू फोनवर सांगितलंस की नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकव. तुला सांगायला काय जातं! मादी फूल बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, आणि वेळ दिवेलागणीची. मी मोडक्या शिडीवर, कंबरेला पट्टा, एका हातात ग्रील, दुसऱ्या हातात फूल, असा खिडकीत वर आलो, आणि आत बाई शिष्यांना शिकवत होत्या. सूर जागच्या जागी थांबले. माझ्या हातातल्या फुलाकडे सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणालो, "चालू द्या, हे तुमच्यासाठी नाही." यापेक्षा बरं वाक्य त्या वेळी सुचायला हवं होतं हे मला मान्य आहे. जिन्यात त्या शिष्या अजून मला वाट देतात ती जरा जास्तच देतात.

त्यानंतर जी फळं धरली त्यांतली काही पिवळी पडून गळली, काहींना फळमाशीने डंख मारला आणि ती आतून सडली. राहिला एक. एकच, आत्या. पण काय दुधी होता! आखूड मानेचा, हिरवागार, अंगावर बारीक लव. ताटात यावा असा. पण तू म्हणाली होतीस पहिला बियाला, म्हणून मी त्याच्या देठाला तुझ्या सांगण्याप्रमाणे लाल दोरा बांधला आणि घरात ताकीद दिली की याला कोणी हात लावायचा नाही. एवढं राबून आम्ही दुधी बाजारातूनच आणत होतो, आणि भाजीवाली विचारायची, "का हो, तुमच्या घरच्या वेलाचं काय झालं?"

दुधी बियाला सोडणं म्हणजे काय, हे जगाला समजावणं हे लिफ्टचं मशीन समजावण्यापेक्षा अवघड आहे. कोवळा दुधी लोकांना बघवत नाही. बाई रोज वरून हाक मारायच्या, "अहो, जून होतोय हं!" मी म्हणायचो, होऊ द्या. पोस्टमन म्हणाला, उद्यापर्यंत काढा, नाहीतर फुकट जाईल. दूधवाला म्हणाला, तुम्हाला नको असेल तर मी नेतो. म्हातारा होऊ द्यायचं म्हणून एखादी वस्तू कोणी जपतं, हे कोणाला पटतच नाही.

आणि अशा वेळी आमचे सासरे आले. चार दिवसांसाठी. (याला आता बरेच दिवस झाले.) तुला माहीतच आहे, ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले ते कागदोपत्री. आल्या दिवशी त्यांनी आमचा वजनकाटा खोटा ठरवला, दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचं माप धरलं (दूधवाला आता आमच्याकडे येत नाही), आणि मग त्यांची नजर दुधीवर गेली. रोज सकाळी शिंप्याची टेप घेऊन ते वर बाईंकडे जायचे आणि खिडकीतून दुधीचा घेर मोजायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातोय. तो बियाला ठेवलाय, हे बायकोने त्यांना सांगितलं असेल असं मी धरून चाललो. मी सांगितलं असेल असं तिने धरलं. पाणी मात्र आम्ही दोघांनीही घातलं होतं, हे लक्षात घे.

त्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक नवं कपाट, ते आणणारे दोघं, आणि कपाट ज्यांचं त्या आजी. सगळ्यांना बाहेर काढून (आजी शेवटी, कपाट सोडून यायला तयार नव्हत्या) मी थकून घरी आलो तर सासरे दारातच उभे. चेहऱ्यावर असं तेज, की मला आधीच धास्ती वाटली. "जावईबापू, हातपाय धुवा आणि पानावर बसा. आज घरची भाजी!" मी खिडकीतून वर पाहिलं. वेल होता. पानं होती.

कारण विचारायची सोय नव्हती, पण त्यांनी आपण होऊन सांगितलं. टेप कित्येक दिवस एकाच रेषेवर थांबली होती. वाढ थांबली म्हणजे माल तयार. तयार माल लटकत ठेवणं म्हणजे नुकसान. गाण्याच्या बाईंनी आनंदाने कात्री दिली. सुरीने चिरेना, तेव्हा माझ्या हत्यारांच्या पेटीतली करवत काढली. साल काढून, आतला गर नि बिया फेकून, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन त्यांनी स्वतः, लेकीला हात न लावू देता, माझ्यासाठी भाजी केली होती. दुधी कुठला हे तुझ्या भाचेसुनेला सगळं उरकल्यावर कळलं, आणि ती वाढताना माझ्याकडे बघत नव्हती.

आत्या, ती भाजी नव्हती, दोरखंड होता. मी एक घास तोंडात घेतला आणि तो तोंडातच राहिला. सासरे समोर बसून माझ्या जबड्याकडे बघत होते. "कशी आहे?" मी म्हणालो, छान. "अजून घ्या." घेतली. बायकोने टेबलाखालून लाथ मारली, ती दिलासा म्हणून की इशारा म्हणून ते मी अजून विचारलेलं नाही. मग मी, पाणी मागावं तितक्या सहज आवाजात विचारलं, "आणि बी?" ते म्हणाले, "टाकलं खताच्या पिंपात. दातात आलं असतं." आणि खिशातून लाल दोरा काढून, नीट गुंडाळी करून माझ्या हातात दिला. "हा चांगला होता म्हणून ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायकोंनी ते ओल्या कचऱ्याचं पिंप उपसलं. सासऱ्यांनी ते रोजच्या शिस्तीने दांड्याने ढवळून ठेवलं होतं. टरबुजाचं बी सापडलं, भोपळ्याचं सापडलं, काकडीचं सापडलं, माझ्या शर्टाचं बटण सापडलं. या सगळ्या चिखलात दुधीचं कोणतं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. आणि त्यांना बोलणार काय? मायेने केलेल्या भाजीबद्दल माणसाला कोणत्या तोंडाने रागवायचं? माझं तोंड तर अजून चावतच होतं.

तर आत्या, बी नाही. तू मागितलेली एक गोष्ट मला जमली नाही. हवं तसं रागव. बागेचा नाद मी आजपासून सोडला आहे. ड्रम भंगारवाल्याला देणार आहे, त्या जागी सायकल नीट उभी राहील, आणि पुन्हा कोणी माझ्या हातात बियांची पुडी ठेवली तर मी ती तिथल्या तिथे भाजून खाईन. लोभ असावा असं लिहायला मला तोंड नाही. झाडूनपुसून काही उरला असेल तर तेवढा राहू द्यावा.

तुझा भाचा

ता. क. पत्र लिहून हत्यारांच्या पेटीत ठेवलं ते टाकायचं राहूनच गेलं. आज पान्हा काढताना हाताला लागलं. मधल्या दिवसांत खताच्या पिंपात रोपं उगवली आहेत. एकदोन नव्हे, गर्दी. सगळ्यांना दोन-दोन जाड पानं, सगळी एकमेकांची जुळी भावंडं. वर बागेचा नाद सोडल्याचं जे वाक्य आहे ते खोडायला जागा नव्हती, तरी वाचू नकोस. कुंड्या आणल्या आहेत. लिफ्ट चालू आहे.

ता. क. दोन. रात्रभर एकच विचार डोक्यात आहे. दुधी सुरीने चिरला नाही, करवत लागली. म्हणजे बी आत पक्कं झालं असेल ना गं? तू म्हणायचीस, पान चुरगळून वास घेतला की वेल आपलं नाव सांगतो. मी चुरगळून बघितलं. मला सगळ्यांना पिंपाचाच वास येतोय. ते तुझ्याखेरीज कोणाला जमणार नाही, आणि पान पाकिटातून पाठवावं तर पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल. अंगण गेल्यापासून तू सारखी म्हणतेस की आता तुझं तिथे काही अडत नाही. इथे माझं अडलंय. ये.

ता. क. तीन. सासऱ्यांनी सगळी रोपं मोजली, त्यांच्या मते त्या काकड्या आहेत, आणि त्यांतली दोन जोमदार ठेवून बाकीची ते रविवारी उपटणार आहेत. निम्मी मी न्हाणीघरात बादलीमागे लपवली आहेत. तू पानं हुंगून ओळखतेस हे मी त्यांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, "वासावरून वेल सांगणारं माणूस अजून जन्माला यायचंय, जावईबापू. आणि असलंच, तर टेपपुढे टिकायचं नाही." मी आपलं नुसतं तुला कळवतोय. काठी आण.