हयात आहे काय?

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. धरणगावच्या शाळेत, तिसरीत, मी तुम्हाला घरच्या अहिराणीत सांगितलं होतं, "मना बाप वावरमा शे." तुम्ही मारलं नाही. "माझे वडील शेतात आहेत" असं पाटी भरेपर्यंत लिहायला लावलंत, आणि मधल्या सुटीत तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत. पुढे एकदा मी विचारलं, तुमची आई जिवंत आहे का? तेव्हा म्हणालात, "माणसाला हयात म्हणावं गं. जिवंत काय, कोंबडीही असते." ते मी विसरले नाही.

आता मी जळगावला सरकारी कचेरीत आहे. निराधार अनुदान घेणाऱ्यांची दरवर्षीची पडताळणी ऑनलाइन झाली, मोबाइलवर आपोआप फोन जातो. त्यातले मराठी प्रश्न लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिलाच प्रश्न मी लिहिला, "लाभार्थी हयात आहे काय? असल्यास एक दाबा, नसल्यास दोन." वरून एक अक्षरही बदललं नाही. मला बरं वाटलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून एक म्हातारी दोन बस बदलून आली. चार महिने तिचं अनुदान बंद. पडद्यावर तिच्या नावापुढे "मयत" आहे आणि ती समोर खुर्चीच्या काठावर बसून धापा टाकते आहे.

मी विचारलं, "अक्का, फोन उना तव्हय काय दाबं तुम्ही?"

"दोन. हयात शे का, इचारं त्यानी. मनाजोडे कोठे शे हयात? तलाठीनी दिधीच नही."

हयात म्हणजे एखादा कागद, असं तिला वाटलं होतं.

"अक्का, हयात म्हंजे जित्तं."

ती म्हणाली, "मंग तसं इचारानं ना, पोरी."

तिचं नाव परत चढवायला आणखी पाच आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत तिनं कसं भागवलं, ते मी विचारलं नाही. बैठकीत मी विषय काढला तेव्हा "हयात" जाऊन "जिवंत" आलं. प्रश्न अहिराणीतही ऐकवावेत, असंही मी म्हटलं. साहेब म्हणाले, "बोलीत कुठं सरकारी काम होतं का?" मी पुढे रेटलं नाही. आधीचा प्रश्न कोणी लिहिला होता, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुम्हाला जाब विचारायचा म्हणून लिहायला बसले होते. तो आता विचारवत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते : त्या दिवशी अक्कांशी अहिराणीत बोलण्याआधी मी उठून खोलीचं दार लावून घेतलं होतं.